परवान्यांचा मेळ

दुसरबीडच्या बाजारातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राला मराठीत बिल छापणारं सॉफ्टवेअर हवं आहे असं समजा. बियाणं, खतं, फवारणीची औषधं यांचा साठा, शेतकऱ्यांची उधारी, जीएसटी आणि शेवटी स्वच्छ देवनागरीतली पावती. पुण्यात शिकून गावी परतलेला मुलगा हे काम अंगावर घेतो. प्रोग्राम जाव्हात लिहितो, हिशेब मायएसक्यूएलमध्ये ठेवतो, पावतीच्या पीडीएफसाठी आयटेक्स्ट ही लायब्ररी घेतो, अक्षरांसाठी लोहित किंवा मुक्ता हा फॉन्ट घेतो आणि अडलं तिथे स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या आठ-दहा ओळी उचलतो. सगळं फुकट, सगळं ओपन सोर्स. दुकानदार खूश होतो, मेहकर-लोणारकडून विचारणा येते आणि मुलगा ठरवतो की आता हे प्रॉडक्ट म्हणून विकायचं. कोड अर्थातच कुणाला द्यायचा नाही.

प्रोग्राम व्यवस्थित चालतो आहे. कंपायलरची तक्रार नाही, चाचण्या हिरव्या आहेत. तरीही त्याने घेतलेल्या प्रत्येक वस्तूची अट निराळी आहे. जाव्हाचा खुला अवतार, ओपनजेडीके, जीपीएलच्या, म्हणजे पुढे वाटलेला कोड खुलाच ठेवायला लावणाऱ्या परवान्याच्या, दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. पण त्याला 'क्लासपाथ' नावाचा अपवाद जोडलेला असल्यामुळे त्यावर लिहिलेला प्रोग्राम बंद ठेवता येतो. फॉन्टची काळजी नाही, त्यांचा परवाना कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत द्यायची मोकळीक देतो. मायएसक्यूएल आणि त्याला जोडणारा ड्रायव्हर जीपीएलखाली आहेत, आणि ड्रायव्हरला दिलेली सवलत खुल्या कोडपुरती आहे. बंद प्रॉडक्टसोबत तो वाटायचा तर आधी थांबून विचार करावा लागेल. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर सीसी बाय-एसए परवान्याचा आहे, म्हणजे श्रेय द्या आणि पुढे त्याच अटींवर द्या. खरी अडचण आयटेक्स्टची आहे. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ही लायब्ररी एजीपीएलखाली गेली. ती वापरून बंद प्रॉडक्ट विकायचं तर एक तर कंपनीकडून व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा, नाहीतर आपला कोडही त्याच अटींवर खुला करायचा. जुन्या ट्यूटोरियलमध्ये दिसते ती आवृत्ती त्याआधीची, सैल परवान्याची असते. नाव तेच, अट निराळी.

हे पुस्तक अशा गाठींबद्दल आहे. मराठीत प्रोग्रॅमिंग शिकवणारी पुस्तकं मिळतात, कॉपीराइट कायद्यावरचीही मिळतात. या दोहोंच्या मधल्या पट्टीत, म्हणजे एका कोडबेसमध्ये आलेल्या अनेक परवान्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का हे पाहण्याच्या कामात, मराठी वाचकाला हात देणारं फारसं काही नव्हतं. इंग्रजीत बरंच आहे, पण ते अमेरिकी किंवा युरोपीय कायदा गृहीत धरून लिहिलेलं असतं. आपला कायदा काही ठिकाणी चांगलाच वेगळा आहे.

सुरुवात तिथूनच करावी लागते. भारतात कॉम्प्युटर प्रोग्राम १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली 'साहित्यकृती'त मोडतो. १९८४ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येत आला. कादंबरीवर लेखकाचा जसा हक्क, तसा कोडवर लिहिणाऱ्याचा: हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे एखादी रिपॉझिटरी सगळ्यांना दिसते म्हणून ती सगळ्यांची होत नाही. परवान्याची फाइलच नसेल तर कोड वाचता येईल. तो घेऊन आपल्या प्रॉडक्टमध्ये घालण्याची मुभा कुणी दिलेली नाही. नवशिके इथे उलटं समजतात. परवाना नाही म्हणजे बंधन नाही असं त्यांना वाटतं. सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' रकान्यातला बोजा जमीन हातोहात गेली तरी जमिनीसोबत जातो, तशा परवान्याच्या अटी कोडसोबत जातात. आणि जमीन घेताना जो माणूस तीनदा उतारा काढून बघतो तोच एका ओळीच्या कमांडने तीनशे लायब्ऱ्या उतरवून घेताना एकही रकाना वाचत नाही.

हक्क कुणाचा, हा पुढचा प्रश्न. कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण गावात बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीला सुटं काम करून देणारा फ्रीलान्सर नोकर नसतो. लेखी हस्तांतरण झालं नसेल तर त्याच्या कोडचा हक्क त्याच्याकडेच राहतो, पैसे पूर्ण मिळाले असले तरी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचंही बरंचसं असंच आहे. कंपनी उद्या तो कोड खुला करायचा म्हणाली तर तिला ज्याची सही लागेल तो मुलगा तोवर तिसऱ्याच शहरात असतो.

आणखी एक बारकावा असा आहे की तो वाचून मी बराच वेळ थबकलो. कलम १९ म्हणतं की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा. कलम ३०अ हीच तरतूद, आवश्यक ते फेरफार करून, परवान्यांनाही लावतं. आता एमआयटी परवाना काढून बघा. जगातल्या सर्वात लोकप्रिय परवान्यांपैकी एक, जेमतेम दोनशे शब्दांचा, आणि त्यात ना मुदत ना प्रदेश. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र 'कायमचा' आणि 'जगभर' असे शब्द आहेत, आणि जीपीएलची तिसरी आवृत्ती कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहे असं स्वतःच सांगते. शब्दशः वाचलं तर मुंबईत बसून एमआयटीखाली कोड देणाऱ्याच्या परवान्याबद्दल इथे एक प्रश्न उभा राहतो, जो बोस्टनमध्ये उभा राहत नाही. उद्या कुणी उठून पाच वर्षांनी परवाना संपला म्हणेल अशी भीती मला वाटत नाही. पण परवाना निवडताना हे ठाऊक असावं, आणि ते ठाऊक करून द्यायला मराठीतच पुस्तक यावं याचा आनंद आहे.

या परवान्यांचा इतिहास दोन घराण्यांचा आहे. एक बर्कली आणि एमआयटी या विद्यापीठांतून आलेलं: कोड घ्या, हवं ते करा, आमचं नाव ठेवा, आम्हाला जबाबदार धरू नका. दुसरं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून: कोड घ्या, बदला, वाटा, पण पुढे वाटताना घेणाऱ्यालाही तेच स्वातंत्र्य आणि तोच कोड द्या. यालाच कॉपीलेफ्ट म्हणतात. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची. दुसऱ्या आवृत्तीतलं एक वाक्य या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे: पुढे देताना घेणाऱ्यावर यापलीकडे आणखी कुठलंही बंधन घालता येणार नाही. हेतू चांगला होता, कुणी मागच्या दाराने स्वातंत्र्य काढून घेऊ नये. परिणाम असा झाला की ज्या परवान्यात जीपीएलमध्ये नसलेली एक जरी अट असेल, तो जीपीएलशी जुळेनासा झाला, मग ती अट कितीही निरुपद्रवी असो.

बर्कलीच्या मूळ परवान्यात अशी एक अट होती. जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख असेल तर त्यात विद्यापीठाचं श्रेयवाक्य छापा. इतरांनी तो परवाना उचलताना विद्यापीठाच्या जागी आपापली नावं घातली. स्टॉलमन यांनी १९९७ च्या नेटबीएसडीमध्ये अशी ७५ श्रेयवाक्यं मोजली. एका जाहिरातीत ७५ ओळींची नामावळी! २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ती अट काढून टाकली आणि जीपीएलशी असलेला तंटा मिटला. तशीच अट ओपनएसएसएलच्या परवान्यात मात्र राहून गेली होती, त्याबद्दल पुढे.

जानेवारी २००४ मध्ये अपाचीची दुसरी आवृत्ती आली, सैल घराण्यातलीच, पण पेटंटबद्दल बोलणारी: या कोडवरून पेटंटचा दावा लावलात तर तुमचा पेटंटचा परवाना संपला. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नजरेतून हे 'आणखी एक बंधन'. म्हणून अपाचीचा कोड दुसऱ्या आवृत्तीच्याच जीपीएलमध्ये मिसळता येत नाही. २९ जून २००७ ला आलेली तिसरी आवृत्ती लिहिताना हे मुद्दाम सोडवलं गेलं आणि अपाचीचा कोड तिच्यात घेता येऊ लागला. उलट दिशेने मात्र नाही. इथे नवशिक्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: मेळ हा बहुधा एकाच दिशेने वाहतो. सैल परवान्याचा कोड कॉपीलेफ्टमध्ये जातो, कॉपीलेफ्टचा सैलमध्ये येत नाही. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना याचं घरचं उदाहरण माहीत असेल. ओपनऑफिसपासून ते २०१० मध्ये फुटून वेगळं झालं. पुढच्या वर्षी ओरॅकलने मूळ ओपनऑफिस अपाची फाउंडेशनकडे दिलं. तेव्हापासून अपाचीकडच्या सुधारणा लिबरऑफिसला घेता येतात. लिबरऑफिसच्या एमपीएलखालच्या सुधारणा अपाचीला तशा घेता येत नाहीत. दोन सख्खी भावंडं, आणि देणंघेणं एकतर्फी.

दोन टोकांच्या मधेही लोक राहतात. मोझिलाचा एमपीएल कॉपीलेफ्टची अट फाइलपुरती ठेवतो, आणि २०१२ ची दुसरी आवृत्ती जीपीएलशी जुळेल अशी सोय स्वतःच करते. एलजीपीएल लायब्ररी खुली ठेवायला सांगतो, ती वापरणाऱ्या प्रोग्रामला नाही. एजीपीएल मात्र जीपीएलच्याही पुढे जातो: सॉफ्टवेअर वाटलं नाही, नुसतं सर्व्हरवर ठेवून लोकांना वापरायला दिलं, तरी बदललेला कोड द्यावा लागतो.

परवान्यांचे शब्द सारखे असले तरी ते वाचणाऱ्यांच्या पठड्या वेगळ्या आहेत. एखादी जीपीएलची लायब्ररी लिंक केली की सगळा प्रोग्राम मिळून एक कृती होते, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मानतं. दुसरे म्हणतात, लिंकिंग हा तांत्रिक तपशील आहे. 'व्युत्पन्न कृती' कशाला म्हणायचं हे कॉपीराइट कायदा ठरवेल. २०१६ मध्ये उबंटूने झेडएफएस ही फाइल सिस्टिम लिनक्स कर्नलसोबत द्यायला सुरुवात केली. कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं, झेडएफएस सन कंपनीच्या सीडीडीएल परवान्याचं, आणि हे दोन परवाने जुळत नाहीत हे जवळपास सगळ्यांना मान्य. तरी उबंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने यात काही गैर नाही म्हटलं आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने हा उघड भंग आहे म्हटलं. अशा ठिकाणी 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देणाऱ्या तक्त्यावर माझा विश्वास नाही. हे पुस्तकही तसा तक्ता देत नाही, हे मला त्याचं बलस्थान वाटतं.

आता आपल्याकडचं. या विषयाचं सर्वात बोलकं मराठी उदाहरण रोज आपल्या डोळ्यांसमोर असतं, ते म्हणजे अक्षरं. रेड हॅटच्या लोहित फॉन्ट संचातली मूळ अक्षरं श्री-लिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आली आणि जीपीएलखाली बाहेर पडली. जीपीएल हा प्रोग्रामसाठी लिहिलेला परवाना. फॉन्टला लावल्यावर विचित्र प्रश्न निघतात: लोहितमध्ये ग्रामपंचायतीचा दाखला टाइप करून पीडीएफ केली, तिच्यात फॉन्टचे तुकडे बसले, मग त्या दाखल्यालाही जीपीएल लागतो का? यासाठी जीपीएलला फॉन्टचा खास अपवाद जोडण्याची पद्धत पडली. पण अपवाद जोडला नसेल तर शंका राहतेच. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, ज्याची चालू १.१ आवृत्ती २६ फेब्रुवारी २००७ ची आहे, नेमकी ही शंका मिटवतो. दस्तऐवजाला परवाना लागत नाही, फॉन्ट कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत देता येतो, फक्त तो सुटा विकायचा नाही, आणि नाव राखून ठेवलेलं असेल तर बदल केल्यावर नाव बदलायचं. सप्टेंबर २०११ मध्ये लोहित या परवान्याखाली आला. हक्क मुख्यतः एका कंपनीकडे असल्यामुळे हे निर्णयाने होऊ शकलं. मराठीचे आणि हिंदीचे वेगळे लोहित एकत्र करून एकच 'लोहित देवनागरी' करणंही परवान्याच्या बाजूने सोपं होतं, कारण दोन्हींची अट एकच.

उलट जीपीएलखालचा 'गार्गी' बघा. त्यातला एखादा ळ किंवा जोडाक्षराचं वळण आवडलं म्हणून ते लोहितमध्ये आणून बसवता येत नाही. दोघेही मुक्त, दोघेही देवनागरी, दोघेही आपल्याच माणसांच्या श्रमातले, पण ओपन फॉन्ट लायसन्स म्हणतो की फॉन्ट याच परवान्याखाली राहील आणि जीपीएल म्हणतो माझ्याखाली राहील. दोन्ही फॉन्ट एका सीडीवर सुखाने नांदतात. एका फाइलमध्ये नाही. एकत्र वाटणं आणि एकत्र मिसळणं यातला फरक याहून नेमका दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट पहिल्यापासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले, त्यामुळे त्यांना हा फेरा पडला नाही.

दुसरं उदाहरणही मुंबईचंच. फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने पायाभूत चौकट, म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, एमआयटीखाली ठेवली आणि तिच्यावरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. चौकट घेऊन कुणीही आपलं बंद प्रॉडक्ट उभारू शकतो; पण ईआरपीनेक्स्टमधला साठ्याचा भाग उचलून त्यात घातला आणि ते प्रॉडक्ट वाटलं की जीपीएल मागे आला. याच कंपनीची सीआरएम आणि हेल्पडेस्कसारखी नंतरची प्रॉडक्ट एजीपीएलखाली आहेत, कारण आता बहुतेक सॉफ्टवेअर वाटलं जात नाही, सर्व्हरवरून भाड्याने दिलं जातं. एकाच घरातल्या प्रॉडक्टमध्ये तीन परवाने आणि प्रत्येकामागे हिशेब. परवाना हे धोरण असतं हे यातून कळतं, आणि तो निवडण्यासाठी कंपनी प्रचंड असावी लागत नाही हेही.

जुळत नसलेला परवाना नंतर बदलणं किती महाग पडतं ते ओपनएसएसएलकडून शिकावं. बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत ज्या प्रकारच्या सुरक्षित जोडणीवर जग चालतं, ती देणारी ही लायब्ररी. जाहिरातीच्या जुन्या अटीमुळे तिचा जीपीएलशी मेळ नव्हता. अपाचीवर जायचं ठरलं, तर मार्च २०१७ मध्ये त्यांना कोड लिहिलेल्या सुमारे ४०० जणांना पत्रं पाठवावी लागली. पत्रात असंही होतं की उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू. मौनं संमतिलक्षणम् म्हणायला ठीक आहे, पण कॉपीराइटच्या बाबतीत अनेकांना ते पटलं नाही आणि त्यावरून चांगलाच गदारोळ झाला. नव्या परवान्याची ३.० आवृत्ती बाहेर पडली सप्टेंबर २०२१ मध्ये. परवान्यांचा गुंता कायद्याच्या पांडित्याने जेवढा सुटतो त्याहून कितीतरी अधिक नोंदीने सुटतो, हे माझं मत या प्रकरणाने पक्कं केलं. कुठली ओळ कुणाची, कुठून आली, कोणत्या अटीवर आली, हे येतानाच लिहिलेलं असेल तर बाकीचं काम कारकुनीचं उरतं. नसेल तर ते पुरातत्त्वाचं होतं.

हा विषय आत्ताच का? एक तर सरकारी आणि वित्तीय कामांत आता सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागितली जाऊ लागली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबद्दल, ज्याला एसबॉम म्हणतात, मार्गदर्शक सूचना काढल्या. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या छोट्या कंपनीकडेही उद्या ती मागितली जाईल असं धरून चालावं, आणि घटक लिहिले की परवाने लिहिणं ओघाने आलंच. दुसरं, जमीन पायाखालून सरकते आहे. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले खुले परवाने सोडून बंधनं असलेले परवाने घेतले. रेडिसने पुढच्या वर्षी एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला. कोड दिसतो, पण तो ओपन सोर्स उरला नाही, अशी ही नवी जात. गेल्या वर्षी तपासलेली लायब्ररी यंदाच्या अपडेटमध्ये तीच असेल असं नाही. तिसरं, आता कोड माणसाइतकाच यंत्रही लिहितं. सहाय्यकाने सुचवलेल्या वीस ओळी कुठल्या परवान्याच्या कोडवरून शिकून आल्या हे त्या ओळींवर लिहिलेलं नसतं. या प्रश्नावर लेखकाने घाईने निकाल दिलेला नाही, सावध सवयी सांगितल्या आहेत. मला ते योग्य वाटतं.

पुस्तकाचा बाज शिकवणीचा आहे. एक चालू कोडबेस समोर ठेवून त्याची झडती घ्यायची, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर परवाना सांगणारी एसपीडीएक्सची एका ओळीची खूण कशी लिहायची, स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजीसारखी साधनं काय पकडतात आणि काय त्यांच्या हातून निसटतं, विसंगती सापडली तर लायब्ररी बदलायची, वेगळ्या प्रोसेसमध्ये काढायची, अपवाद मागायचा की परवाना विकत घ्यायचा, असा हा प्रवास आहे. लिनक्स कर्नलनेही २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीपासून हजारो फाइलींवर हीच एका ओळीची खूण घातली, तेव्हा हे काम कमीपणाचं मानू नये. लेखकाचा कल कॉपीलेफ्टकडे आहे आणि तो लपवलेला नाही. लहान कंपन्यांबद्दल लिहिताना तो थोडा कठोर होतो असं मला काही ठिकाणी वाटलं. गावात दुकानदाराकडून मिळणाऱ्या पैशांत व्यावसायिक परवाना बसत नाही, याचा विचार आणखी हवा होता. पेटंट आणि ट्रेडमार्क पुस्तकात येऊन जातात, मुक्कामाला राहत नाहीत. त्यांना वेगळं पुस्तक लागेल.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक हातात घेण्याआधी स्वतःचा एखादा प्रकल्प उघडा, त्यातल्या बाहेरून आलेल्या प्रत्येक घटकाचं नाव, आवृत्ती आणि परवाना एका कागदावर लिहा, आणि ज्या ओळीपुढे परवाना सापडत नाही तिथे तशीच मोकळी जागा सोडा. मग पुस्तक त्या कागदाला धरून वाचा. मोकळ्या जागा भरून झाल्यावरही शंका उरली आणि प्रकल्पावर कुणाचं पोट अवलंबून असेल, तर वकिलाकडे जा. जाताना तो कागद सोबत न्या, फी कमी लागेल.

दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा